एकशे पंचेचाळीस ग्रॅम मळ

इंद्रजितच्या हाताला चूक माहीत नव्हती. हे तो स्वतःच सांगत असल्यामुळे शंकेला जागा नव्हती. तो विट्याचा गलाईवाला, अठरा वर्षं कोइमतूरला सोनं गाळत होता. दागिना तळहातावर घेतला की आत तांबं किती आणि चांदी किती, हे तो मशीनच्या आधी सांगायचा. मशीनने कधी वेगळं सांगितलं, तर मशीन दुरुस्तीला जायचं.

यंदा दसऱ्याला तो नवी गाडी घेऊन गावी आला. सासरे मानसिंग साताऱ्याला राहायचे. फौजेत चोवीस वर्षं ट्रक चालवून ते सुभेदार म्हणून निवृत्त झाले होते. त्यांनी फोनवरच बजावलं होतं, "दसऱ्याला या. तुमचं चालवणं बघतो. हात पसंत पडला तर ठीक, न्हाईतर माझ्या लेकीला कोइमतूरला मी सोडणार. चाक माझ्या हातात."

सुभेदार ताशी चाळीसच्या वर जात नसत. त्यांच्या हाती चाक गेलं असतं, तर दुकान दिवाळीनंतरच उघडलं असतं.

खंडेनवमीला इंद्रजितने गाडी स्वतः धुतली. चाकं आतून पुसताना बोटांना काहीतरी लागलं. करड्या, नखाएवढ्या चौकोनी वड्या, चारही चाकांना चिकटवलेल्या. त्याने एक उचकटून तळहातावर तोलली.

"शिसं!"

त्याची बायको रेश्मा दारात रांगोळी काढत होती. "कंपनीनंच लावलं असंल की."

"नव्या गाडीला कंपनी शिसं कशाला लावंल? कामगारांचा हलगर्जीपणा हाय हा."

"मग राहू द्या तिथंच. कुणाला दिसतंय?"

"अठरा वर्षं मी हीच घाण सोन्यातनं काढतोय, रेश्मा. दारातल्या गाडीत ठेवू?"

दाढीचं पातं आणि पेट्रोलचा बोळा घेऊन तो दोन तास चाकांपाशी बसला. एकही वडी राहिली नाही. पण गलाईवाला काही फेकत नाही. दुकानाचा केरसुद्धा पोत्यात भरून ठेवतो, कारण केरातही सोनं निघतं. त्याने वड्या खिशातल्या काट्यावर तोलल्या, प्लास्टिकच्या पुडीत भरल्या, वर चिठ्ठी लिहून चिकटवली आणि पुडी गाडीच्या कप्प्यात टाकली. मग चारही चाकांना हळदकुंकू वाहिलं.

दसऱ्याला कऱ्हाड सोडून गाडी हायवेला लागली. ऐंशीला स्टिअरिंग थरथरायला लागलं. नव्वदला ते पिठाच्या गिरणीसारखं हलू लागलं.

"आवं, काय झालं हे?" रेश्माने मांडीवरची आपट्याची पानं दोन्ही हातांनी दाबून धरली.

"रस्ता खराब हाय."

रस्ता पाटासारखा सपाट होता. बाजूने एसटी सरळ निघून गेली.

"मग हवा कमी असंल."

पंपावर हवा तपासली. चारही चाकांत सारखी निघाली.

"मग मीच उपाशी हाय."

त्याने दोन प्लेट मिसळ खाल्ली. त्यानंतर तो थरथरला नाही, पण स्टिअरिंग थरथरतच राहिलं. साताऱ्यात उतरला तेव्हा दोन्ही हात कोपरापर्यंत बधिर झाले होते. सासऱ्यांना सोनं द्यायला हात पुढे केला, तर हात कापला आणि पानं खाली पडली.

सुभेदारांनी पानांकडे पाहिलं नाही. हाताकडे पाहिलं.

"पावणं, हात कवापासनं कापतात?"

"मामा, हात न्हाई कापत, गाडी कापते."

सुभेदारांनी किल्ली घेतली आणि साताऱ्याला अर्धा तास चक्कर मारून आले. चाळीसने.

"गाडी ठणठणीत हाय." मग ते जावयाच्या तोंडाजवळ आले आणि त्यांनी वास घेतला. "सकाळी काय घेतलं?"

"मिसळ."

"मिसळीसंगं?"

"पाव."

शेजारच्या डॉक्टरांना बोलावून जावयाचं बीपी मोजण्यात आलं. ते वाढलेलं निघालं.

"बघा," सुभेदार म्हणाले. "दोष गाडीत न्हाई."

दुसऱ्या दिवशी रेश्माच्या हट्टाने गाडी सांगलीला, विश्रामबागेत भरतेशच्या गॅरेजवर आली. निकाल ऐकायला सुभेदारही सोबत होते.

"स्टिअरिंगचा रॅक गेलाय," इंद्रजितने सांगून टाकलं. "माझ्या हाताला कळतंय."

"थरथरतंय कितीला?" भरतेशने विचारलं.

"ऐंशीला."

"ब्रेक मारल्यावर?"

"न्हाई, नुसतं पळताना. ऐंशीच्या खाली गप्प असतंय."

"मग रॅक न्हाई, दादा. बॅलन्सिंग."

त्याने एक चाक उतरवून आत पाहिलं. मग उरलेली तिन्ही उतरवली.

"वजनं कुठं गेली हो?"

"कसली?"

"चाक एका अंगाला जरा जड असतंय. तोल साधायला कंपनी आतनं शिशाच्या वड्या चिकटवते. एखादी पडती, मान्य. पण चारी चाकांच्या? कुणीतरी निवांत बसून खरवडल्यात. लय सफाईनं केलंय काम."

शेवटचं वाक्य ऐकून इंद्रजितला क्षणभर बरं वाटलं. मग वाटेनासं झालं. रेश्मा त्याच्याकडे एकटक बघत होती, म्हणून तो समोरच्या विजेच्या खांबाकडे बघू लागला.

सुभेदार मात्र पेटले. "घातपात हाय हा! माझी लेक बसते ह्या गाडीत! चौकीत तक्रार देऊ. पावणं, कागद कुठं हायत गाडीचे?"

"मामा, ऱ्हाऊ द्या की. सणासुदीचं कुठं..."

तोवर सुभेदारांनी कप्पा उघडला होता. हाताला पुडी लागली. त्यांनी चष्मा लावून चिठ्ठी मोठ्याने वाचली, हजेरी घ्यावी तशी.

"चाकांतला मळ. खंडेनवमी. एकशे पंचेचाळीस ग्रॅम. इंद्रजित."

गॅरेजमध्ये पुढचा पाऊण तास बॅलन्सिंगचं मशीन फिरत होतं. भरतेशने चारही चाकं फिरवून नव्या वड्या लावल्या आणि शेवटी बेरीज केली.

"एकशे पंचेचाळीस," तो म्हणाला. "काटा लय बरोबर हाय, दादा, तुमचा."

सुभेदारांनी हात पुढे केला. इंद्रजितने त्यात किल्ली ठेवली.

कोइमतूरला निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी धारवाडच्या अलीकडे होती. मागून उसाचा ट्रॅक्टर आला, हॉर्न देऊन पुढे गेला. सुभेदारांनी स्टिअरिंगवर दोन बोटं टेकवली.

"बघा, पावणं. कुठं थरथरतंय?"

"न्हाई थरथरत, मामा," इंद्रजित म्हणाला.

चाळीसला ते आधीही थरथरत नव्हतं.