आधी मौका पाहू, मग बोलू

आमच्या टाउनशिपच्या सेक्टर दोनमधले लांजेवार काका रोज सकाळी लाकडी हातोडी घेऊन निघतात. रस्त्यावरच्या एकेका झाडावर ठोकतात अन् खोडाले कान लावून ऐकतात. नवीन पाहुणे घाबरतात. आमाले सवय झाली, पण सवय झाली म्हणजे राग गेला असं नाही.

काका जंगल खात्यातून डेप्युटी रेंजर होऊन रिटायर झाले. खात्यानं सोडलं, पण यायनं खातं नाही सोडलं! मी कपडे वाळवायच्या तारेसाठी घरासमोरच्या कडुनिंबाले एक खिळा काय मारला, अर्धा तास भाषण ऐकलं. काहीही विचारा, उत्तर ठरलेलं, "आधी मौका पाहू, मग बोलू." मौका म्हणजे खात्याच्या भाषेत जागेवर जाऊन पाहणी. सुपेल्याच्या बाजारात भोपळासुद्धा ठोकून, कान लावून घेतात. भाजीवाली तोंडाले पदर लावून हासते, काकाले पत्ता नाही.

माहं भांडण त्या कडुनिंबावरूनच. फांद्या थेट माह्या छतावर आलेल्या. टाउनशिपच्या ऑफिसात अर्ज दिला, तर बाबू म्हणे, झाड धोक्याचं आहे असं जाणकाराकडून लिहून आणा. जाणकार म्हणजे हेच! दोन महिने चकरा मारल्या. बायकोच्या हातची सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, नेऊन दिली. काकानं वडी खाल्ली, हातोडी मारली अन् झाड ठणठणीत आहे, खोटं लिहिणार नाही, म्हणून मोकळे झाले.

असा संताप आला मले! शेजारधर्म गेला चुलीत. माणसापेक्षा झाड मोठं काय हो? स्वतःच्या अंगणातल्या सागवानाचं एक पान कोणाले तोडू देत नाही, दुसऱ्याच्या जिवाची काय पडली, असं मी गल्लीभर सांगत सुटलो.

मागच्या सोमवारी ऑफिसाचे चार मजूर मोटरची करवत घेऊन आले. मले वाटलं, माहा अर्ज पास झाला. ते वळले काकांच्या अंगणात. सागवान आतून पोकळ आहे, रस्त्यावर पडू शकतो, असं काकांनीच ऑफिसाले लिहून दिलं होतं. तो सागवान काकूनं लावलेला. काकूले जाऊन आठ वर्षं झाली.

मी धावत गेलो. झाड पडलं. आत खरंच पोकळ होतं. काका बुंध्याजवळ उकिडवे बसले, चष्मा पुसला अन् वलयं मोजू लागले. सागवानाचं एक वलय म्हणजे एक वर्ष, एवढं मलेही माहीत आहे. सालीकडून आत मोजत मोजत आठव्यावर बोट थांबलं.

"इथपर्यंत तिनं पाणी घातलं," ते म्हणाले. "मी जंगलात ड्युटीवर. सरकारची झाडं सांभाळत होतो. तिची वलयं पाह्य, कशी रुंद आहेत."

मी पाहिलं. बाहेरची आठ एकमेकाले चिकटून होती.

"पाणी तर मीबी रोज घातलं रे प्रमोद," काका म्हणाले. "पण तिच्यासारखं नाही जमलं."