कानटोपीतला माईक

“तुहा चहा उकळेपर्यंत काम झालं समज, माय!” महामायानं छाती ठोकून सांगितलं.

संध्याकाळी तिच्या वडिलांचा, इंद्रभानबाबांचा, पहिला स्मृतिदिन. त्यांच्या गायन पार्टीचे लोक मोताळ्याच्या घरी जमणार होते आणि जुन्या कॅसेटवरून उतरवलेलं बाबांचं गाणं नव्या स्पीकरांवर लागणार होतं. तिच्या आईची, तानाबाईंची, अट एकच : “आवाज त्याहिचाच वाटला पाहिजे. नाही त लावूच नको.”

त्यासाठी पेन्सिलीएवढा एक माईक आला होता. तो ऐकणाऱ्याच्या जागी ठेवायचा. स्पीकर लांबलचक सूर काढणार, माईक ऐकणार आणि जे कमी पडेल ते मशीन आपोआप वाढवणार. महामायानं माईक स्टँडवर लावून बाबांच्या खुर्चीत उभा केला.

“हा कान समज, माय. बाबांच्या कानाएवढ्याच उंचीवर ठेवला.”

तानाबाईंनी त्या कानाकडे जरा काळजीनंच पाहिलं.

बटण दाबलं. स्पीकरनं खालच्या घुमण्यापासून वर शिट्टीपर्यंत असा सूर ताणला की गल्लीतली झाडून सारी कुत्री साथीला उभी राहिली! फोनवर अक्षरं आली : ‘घरात गोंगाट आहे.’ पुन्हा दाबलं, तर कुकर मध्येच बोलला. मग शेजारचे कारभारीकाका, बाबांच्या पार्टीतले ढोलकीवाले, धापा टाकत दारात!

“कोण बिमार आहे वं? अँबुलन्स काऊन आली?”

“कोणी नाही, काका! माईक खोली मोजून राह्यला!”

“मंग टेप नाही का घरात?”

शेवटी महामायानं सगळ्यांना अंगणात काढलं. तानाबाई सर्वांच्या मागून निघाल्या. फोनवरून बटण दाबलं. ‘मोजणी पूर्ण!’ तानाबाई लगबगीनं पहिल्या आत शिरल्या. मागून महामाया कुस्ती मारल्याच्या थाटात गेली आणि तिनं गाणं लावलं.

बापा रे! बाबांचा भारदस्त आवाज चहाच्या गाळणीतून गाळल्यासारखा! प्रत्येक ‘स’ला स्पीकर असे फुत्कारले की कारभारीकाका काठी घेऊन धावले.

“कोठी निघाला साप?”

तानाबाईंचा चेहरा उतरला. “हे नाहीत वं ते. राहू दे. नको लावू.”

महामायानं वायर बदलली, पुन्हा सगळ्यांना बाहेर काढलं, पुन्हा मोजलं. पुन्हा तोच साप! दिवेलागण व्हायला आली. या खेपेला बटण दाबून ती मागच्या खिडकीतून डोकावली.

खुर्चीत माईक ऐटीत उभा होता. बाबांची तपकिरी कानटोपी घालून!

“माय!!”

“ओरडतं काऊन? तूच म्हणे न, कान आहे म्हणून! एवढ्या थंडीत त्या खुर्चीत उघड्या कानानं कधी बसू देल्लं का मी त्याहिले?”

“मंग मले दिसली काऊन नाही?”

“तू चिडशील म्हणून काढून घेत होती.”

लोकरीतून बारीक सूर माईकपर्यंत पोचत नव्हते, म्हणून बिचारं मशीन तेच सूर दामटून वाढवत होतं! महामायानं टोपी आईच्या हातात दिली आणि शेवटचं मोजून घेतलं.

मंडळी सतरंजीवर बसली. गाणं लागलं आणि खोलीत बाबा आले. भरदार, जरा घोगरे, कडव्याआधी खाकरणारे. तानाबाईंनी कानटोपी घट्ट धरली.

आणि वरच्या पट्टीला आवाज धाडकन घसरला!

“थांबा!” महामाया फोनकडे झेपावली. “अजून एकदा मोजते!”

तानाबाईंनी तिचा हात धरला. हसून हसून त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं होतं.

“बस खाली. आता मशीन बराबर आहे. या जागी ते नेहमीच घसरत!”

“हाव न!” कारभारीकाका म्हणाले. “म्हणून त मी तिथं ढोलकी जोरात बडवत होतो!”