वरचं की खालचं

डावीकडच्या माहितीपत्रकावरचा मुलगा झाडाखाली बसून हसत होता आणि त्याच्या शर्टाची बटणं उलट्या बाजूला होती. उजवीकडच्या माहितीपत्रकावर तोच मुलगा, तेच झाड, तेच हसू. बटणं मात्र जागच्या जागी. दोन वेगळ्या कॉलेजांनी एकच फोटो छापला होता, त्यातल्या एकाने आरशातल्यासारखा उलटा. हे तिने कोणाला सांगितलं नाही. ती फारसं बोलतच नसे, म्हणून घरात तिला घुमी म्हणत.

दोन्ही कॉलेजं इवलीशी. दोन्हीकडे सगळं थोडं थोडं शिकवत: थोडं तत्त्वज्ञान, थोडं रसायन, थोडी चित्रकला. एक टेकडीवर, दुसरं तळ्याकाठी. बाबा लिफ्टचे तपासनीस असल्यामुळे घरात त्यांची नावं पडली ‘वरचं’ आणि ‘खालचं’. बाबांना स्वतःचं मत विचारलं, की ते दोन मजल्यांच्या मध्ये अडकत.

आत्याचा कौल वरच्याला, कारण तिथली हवा चांगली. मामाचा खालच्याला, कारण आत्याचा वरच्याला. मामा दातांचा डॉक्टर. समोरच्याचं तोंड उघडं असलं, तरी त्यातून उत्तर ऐकायची त्याला सवय नव्हती.

“शिकून ही नेमकी होणार काय?” त्याने एकदा विचारलं होतं.

“स्वतंत्र विचार करायला शिकवतात म्हणे,” आई म्हणाली.

“मग सोपंय. मी सांगतो तिथं घाला.”

महिनाभर हे चाललं होतं. आज संध्याकाळपर्यंत घुमीने होकार कळवला नाही, तर दोन्ही जागा जाणार होत्या. सकाळी आई फोन स्पीकरवर टाकून आत्याशी बोलत होती आणि बाबा स्टुलावर चढून फळीवर चाचपडत होते.

“कुठलं गं?” बाबांनी विचारलं.

“वरचं,” घुमी म्हणाली.

बाबांनी वरचं पातेलं काढून दिलं. फोनमधून मात्र किंकाळी आली, “ठरलं! मला ठाऊकच होतं!” आणि फोन बंद झाला.

दूध तापेपर्यंत बातमी सगळ्या नात्यागोत्यात पोचली. दुसऱ्या उकळीला मामा दारात हजर.

“सख्ख्या भाचीचं ठरतं आणि मला बाहेरून कळतं?”

“अरे, ती पातेल्याबद्दल बोलत होती!” आई म्हणाली.

“ही पोरगी पातेल्याबद्दल इतकं ठाम बोलेल?”

मुद्दा बिनतोड होता. तेवढ्यात आत्या आली, हातात एका बाहीचा स्वेटर. वसतिगृहात दरीकडची खोली तिने फोन करून सांगूनही ठेवली होती. मामाने तिच्यासमोरच खालच्या कॉलेजला फोन लावला आणि भाची पट्टीची पोहणारी असल्याचं कळवून टाकलं. घुमीला पाणी घोट्याच्या वर आलेलं चालत नसे.

“हिलाच विचारू या का?” बाबा म्हणाले. सगळ्यांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते गॅस पुसायला लागले.

घुमी दोन्ही माहितीपत्रकं घेऊन गॅलरीत गेली, दार लावलं आणि आधी खालच्या कॉलेजला फोन केला.

“फोटोतली मुलं तुमचीच का?”

“अर्थातच!” तिकडच्या बाई म्हणाल्या.

“मग त्या मुलाच्या शर्टाची बटणं उलटी का?”

तिकडे कागद चाळल्याचा आवाज आला. “आमच्याकडे वेशभूषेतल्या वैविध्याचा सन्मान होतो.”

वरच्या कॉलेजातल्या कारकुनाने तोच पहिला प्रश्न ऐकला आणि तो हसत सुटला. “छे हो, फोटो विकत आणलाय. झाडसुद्धा आमचं नाही. आमचं एकच आहे, तेही वाळलंय. पण तुम्हाला का शंका आली?”

तिने बटणांचं सांगितलं. इतकं सलग ती गेल्या महिन्यात कोणाशी बोलली नव्हती. “या तुम्ही,” तो म्हणाला, “इथं असं बघणारं कोणीतरी पाहिजेच.”

ती आत आली, तेव्हा आईने पातेलं टेबलावर आदळून आदळून दोघांनाही एकदाचं पटवलं होतं. आत्या मुकाट्याने बाही उसवत होती. मामा विजयी मुद्रेने चहा पीत होता.

घुमी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. घसा खाकरला. सगळ्यांनी वळून पाहिलं.

“वरचं,” ती म्हणाली.

बाबांनी निमूटपणे स्टूल ओढलं. “मोठं देऊ की छोटं?”