मायना नको

परागची नोकरी ऐकायला मोठी होती आणि आईला समजावून सांगायला अशक्य. माणूस मोबाइलवर बोलतो तेव्हा त्याच्या आवाजाचे बारीक तुकडे होऊन पलीकडे जातात आणि प्रत्येक तुकड्याला पत्ता चिकटवलेला असतो. आत चिमूटभर आवाज, वर हातभर पत्ता. हा पत्ता कमी करून नेटवर्कवरचं ओझं हलकं करायचं, हे परागचं काम. युक्ती सोपी होती. पहिल्या तुकड्याबरोबर पूर्ण पत्ता पाठवायचा, पुढे फक्त जे बदललं असेल तेवढंच. पहिला तुकडा वाटेत हरवला तर पंचाईत नको, म्हणून पूर्ण पत्ता अधूनमधून पुन्हा पाठवायची जुनी रीत होती. परागने तीही काढून टाकली. त्यामुळे हैदराबादेत कुकटपल्लीतल्या त्याच्या ऑफिसात त्याचं नाव झालं, आणि टीम लीडची जागा नुकतीच रिकामी झाली होती.

एवढ्यावर थांबला असता तर तो पराग कसला!

त्याची आई, प्रमिलाबाई, जामबागेत एकटी राहायची. तिथल्याच शाळेत तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेली. मुलाला मात्र तिने हौसेने इंग्रजी शाळेत घातलं होतं. रोज सकाळी दहाला, नेमका परागच्या मीटिंगच्या वेळी, तिचा फोन यायचा. नाश्ता केलास का, नळाला पाणी आलं का, इकडे सगळं ठीक, गुडघा तसाच, शेजारच्या जयवंताबाईने भाजी दिली.

"आई, कालचंच आज सांगतेस तू," पराग एकदा वैतागून म्हणाला. "चौदा मिनिटांत नवीन किती? अर्धं मिनिट! बाकी सगळं ओव्हरहेड."

"म्हणजे काय रे?"

"फुकटचं ओझं. आता फोन नको, मेसेज टाक. काही बदललं असेल तर तेवढंच लिही. नसेल तर लिही, 'बदल नाही'. बस्."

"आणि नाश्ता केलास का, ते?"

"रोजच करतो, आई. ते बदलत नाही."

प्रमिलाबाई जातिवंत मास्तरीण. नियम म्हटला की पाळायचा आणि करणाऱ्याची जिरेपर्यंत पाळायचा. दुसऱ्या दिवसापासून दहाच्या ठोक्याला "बदल नाही" येऊ लागलं. मेट्रोने जामबाग पाऊण तासावर होतं, पण बदलच नसेल तर जायचं तरी कशाला?

मग एका सकाळी लांबलचक मेसेज आला. मीटिंगमध्ये परागने टेबलाखाली फोन धरून पाहिलं. "चि. पराग यास अनेक उत्तम आशीर्वाद. येथील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवणे. विशेष..."

प्रमिलाबाईंच्या घराण्यात पत्राची रीत ठरलेली होती. आधी मायना, मग क्षेमकुशल, मग आलंगेलं, आणि वाईट बातमी असलीच तर शेवटी ता.क. मध्ये. तोवर वाचणारा नीट बसलेला असतो. परागला मराठी अक्षरं एकेक करून लावावी लागत. 'सर्व क्षेम'पर्यंत पोचता पोचताच तो दमला. त्याने उत्तर टाकलं, "आई, मायना नको. फक्त बदल."

बऱ्याच वेळाने "बरं" आलं. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा "बदल नाही".

ही हकीकत त्याने वरिष्ठ भाग्यलक्ष्मी मॅडमना सांगितली. त्या खूश झाल्या. "परवा पाहुण्यांसमोर तुमच्या कामाचा डेमो आहे ना, तिथेच सांगा. नाही तर असं करा, अम्मांना फोनच लावा!"

डेमोला हॉल भरला होता. परागने पडद्यावर आकडे दाखवले, मग ऐटीत फोन लावून स्पीकर चालू केला.

"आई, आज काही?"

"बदल नाही," प्रमिलाबाई म्हणाल्या.

"चार सेकंद!" पराग म्हणाला. टाळ्या पडल्या. मॅडम सहज सौजन्याने फोनकडे वाकल्या. "अम्मा, आप कैसे हैं?"

परक्या बाईला नियम लागू नव्हता. शिवाय तिने विचारलं होतं.

"पाँव टूट गया ना, मॅडम. न्हानी में फिसली. बारा दिन से पलस्तर है. बाजू की जयवंता उठाती-बिठाती."

"बेटे को नहीं बताया?"

"पहले दिनच बताई ना. फिर रोज वैसाच है, तो 'बदल नाही' बोलती. उनेच बोला था."

मागे कोणी तरी हसलं. पाहुण्यांतल्या एका वयस्क इंजिनियरने चष्मा काढला. "पहिला तुकडा हरवला, तर तुमच्या पद्धतीत ते कळायची सोय काय?"

परागने फोन उचलला. तो तसाच निघाला.

जामबागेत दार जयवंताबाईंनी उघडलं. "आलाव का साहेब? म्या रोज म्हन्ते, फोन लावते. तर बाई म्हन्त्यात, नको, त्येला ओझं व्हतंय."

प्रमिलाबाई पाय उशीवर ठेवून पडल्या होत्या. परागला रडूच कोसळलं. "आई, पाय मोडला आणि तू 'सर्व क्षेम' लिहितेस?"

"ते लिहायचंच असतं. खाली ता.क. होता."

"मी खालपर्यंत वाचलंच नाही गं."

"ठाऊक आहे. तुझं उत्तर आलं ना."

पुढच्या महिन्यात ऑफिसात पूर्ण पत्ता अधूनमधून पुन्हा पाठवायची रीत परत सुरू झाली. दोष वेळीच उघडकीला आणल्याबद्दल शाबासकी मिळाली ती परागलाच, आणि टीम लीडची जागाही. जगात असंच चालतं. त्याने लगेच जामबागेला फोन लावला.

"आई, मला बढती मिळाली!"

"छान."

पराग थांबला. पलीकडून पुढे काहीच येईना. नाश्त्याचंसुद्धा नाही.

"एवढंच? अगं, आशीर्वाद तरी दे."

"ते मायन्यात असतात रे," प्रमिलाबाई म्हणाल्या. "मायना तूच नको म्हणालास."

आणि त्यांनी फोन ठेवला.