दंतवैद्याला न दिलेली गाडी

फक्त एक प्रकरण वाचायचं आणि उठायचं, एवढंच सूनबाईने ठरवलं होतं. शनिवारची दुपार, जेवणं उरकलेली, आणि जाडजूड रहस्यकथेची शेवटची चाळीसेक पानं उरलेली. खानसाम्याने विष घातलं, की पुतण्याने, की भलत्याच कुणी, हे आता कळणारच होतं. पण सीट इतकी मऊ होती, की दुसऱ्याच पानावर तिचा डोळा लागला. जाग आली तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरातून हाका मारत होत्या, आणि डोक्यावरचा चिमुकला दिवा सगळी दुपार जळत होता. तिने तो घाईने बंद केला, पुस्तक सीटखाली सरकवलं आणि चेहऱ्यावर काहीच न झाल्याचा भाव घेऊन घरात गेली. (हा भाव तिला छान जमायचा. लग्नानंतर तीन महिन्यांत तिने तोच एक कमावला होता.)

सीट होती गाडीची. आता घर सोडून गाडीत जाऊन वाचायचं कारण काय, तर त्या घरात एकाही दाराला आतून कडी नव्हती. नवरा चार वर्षांचा असताना न्हाणीघरात अडकला होता. तेव्हा सासऱ्यांनी संतापाच्या भरात घरातल्या सगळ्या कड्या उपटून काढल्या आणि पुढे नवरा तिशीला आला तरी परत बसवल्या नाहीत. त्यामुळे कुणीही कुठेही कधीही यायचं. सासूबाई शिवणाचं मशीन चालवता चालवता बहिणीशी फोनवर बोलायच्या, म्हणजे मशीनच्या वरचा आवाज लावून. सासरे वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचे, अगदी निविदांसकट. नवरा स्वभावाने गरीब, पण तोही आंघोळ करताना गायचा.

अख्ख्या घरात आतून बंद होणारी एकच वस्तू होती, ती म्हणजे गॅरेजमधली सासऱ्यांची पिवळी स्पोर्ट्स कार. दोनच सीट, पुढचं नाक चपटं, आणि इतकी बुटकी की आत बसायचं म्हणजे पाटावर बसल्यासारखं बसायचं आणि बाहेर यायचं म्हणजे घडी उलगडल्यासारखं. ती गाडी कुठे जात नसे. दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता सासरे तिला सुरू करायचे, थोडा वेळ गुरगुरू द्यायचे, पुसायचे आणि बंद करायचे.

आणि दर रविवारी पाच वाजता ते पाहायला शेजारचा दंतवैद्य यायचा. त्याला ती गाडी हवी होती. कितीतरी वर्षं तो मागत होता. शेवटी एकदा सासऱ्यांनी वैतागून चारचौघांत सांगून टाकलं होतं, "डॉक्टर, ज्या रविवारी ही सुरू होणार नाही, त्या रविवारी तुम्ही घेऊन जा." सासरे निवृत्त झाले होते ते बस डेपोत वेळापत्रकं लावून. त्यांनी उच्चारलेली वेळ आणि दिलेला शब्द दोन्ही कधी चुकले नव्हते. तेव्हापासून दंतवैद्य रविवार दुपारची झोप सोडून यायचा, इंजिन सुरू झालं की खिन्न हसायचा आणि परत जायचा.

रविवारी जेवणं झाल्यावर सूनबाई हळूच गॅरेजमध्ये शिरली. पुतण्या की खानसामा, आज सोक्षमोक्ष लावायचाच होता. गाडीत बसून तिने दिव्याचं बटण दाबलं. अंधार. परत दाबलं. कायम गाडीतच लटकणारी किल्ली फिरवली तर कुठेतरी खोल आत 'टक' झालं आणि मग तेही थांबलं.

गाडी गेली तर जगातली एकमेव कडी गेली. उरलेलं सगळं आयुष्य निविदा ऐकत काढायचं.

इतक्यात गाडीचं दुसरं दार उघडलं आणि नवरा आत येऊन बसला. त्याच्या हातात गाणी लावायची वायर होती. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तो म्हणाला, तुलाच शोधत होतो. ती म्हणाली, मीही तुलाच. (गॅरेजमध्ये, अंधारात, गाडीत. पण प्रश्न विचारले तर ते दोन्हीकडून विचारावे लागले असते.)

त्याने सवयीने किल्ली फिरवली. 'टक'ही झालं नाही. त्याचा चेहरा उतरला.

"माझ्यामुळे झालं," तो म्हणाला. "रोज रात्री कचरा टाकायला म्हणून येतो ना, तेव्हा इथे बसून गाणी ऐकतो. काल जरा जास्तच ऐकली."

सूनबाईने तोंड उघडलं. दिवा, दुपार, झोप, सगळं जिभेच्या टोकावर आलं होतं. मग तिला वाटलं, एवढा मनापासून कबूल करतोय, त्याला मध्येच कशाला तोडा. तिने तोंड मिटलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"असू दे," ती म्हणाली. "होतं असं."

नवरा स्कूटर घेऊन बॅटरी आणायला गेला. दुकानदाराने बॅटरी दिली, एक पाना दिला आणि बजावलं, की काढताना काळी वायर आधी, लावताना काळी वायर शेवटी. मागच्या दाराने बॅटरी स्वयंपाकघरापर्यंत आली खरी, पण तिथून गॅरेजकडे जायची वाट व्हरांड्यावरून होती, आणि व्हरांड्यात सासरे वर्तमानपत्र उघडून बसले होते. सूनबाईने कपड्यांची टोपली आणली. तळाशी बॅटरी, वर चादर, चादरीवर दोन उशांचे अभ्रे. कपडे वाळत घालायची दोरी गॅरेजशेजारीच होती, म्हणजे कुणाला शंका यायचं कारण नव्हतं.

"थांब रे," सासरे म्हणाले.

नवरा थांबला. टोपलीच्या मुठी करकरल्या.

सासऱ्यांनी त्याला पाणीपट्टीची बातमी वाचून दाखवली. मग त्यावरचं नगराध्यक्षांचं म्हणणं. मग विरोधकांचं म्हणणं, तेही नेहमीपेक्षा चढ्या आवाजात. नवऱ्याच्या कपाळावर घाम जमला, मानेच्या शिरा दिसायला लागल्या, आणि तरीही तो कपडे वाळत घालायला निघालेल्या माणसासारखं हसत उभा होता. सूनबाई मागे चिमट्यांचा डबा धरून उभी होती आणि टोपलीचा तळ किती टिकेल याचा अंदाज घेत होती.

"जा," सासरे शेवटी म्हणाले. "कपडे जपून वाळत घाल."

गॅरेजमध्ये पोचल्यावर नवऱ्याने पुढचं नाक उघडलं. या गाडीचं इंजिन मागे आणि बॅटरी पुढे. ती एका लोखंडी पट्टीखाली घट्ट बसलेली. त्याने तीन व्हिडिओ पाहिलेले होते, त्यामुळे तो निर्धास्त होता. काळी वायर निघाली, लाल निघाली. पट्टीचा नट मात्र गंजलेला. तो ओढत होता, ती टॉर्च धरून होती आणि बाहेरून विरोधकांचं म्हणणं अजून ऐकू येत होतं. शेवटी नट सुटला, नवऱ्याच्या बोटांतून निसटला, कुठेतरी टणटण करत गाडीच्या पोटात खाली खाली गेला आणि गप्प झाला.

व्हिडिओत असं झालं नव्हतं.

नवऱ्याने हात घातला. तो मनगटाशी अडकला. सूनबाईने हात घातला, तर बोटांच्या टोकाला नट लागायचा आणि आणखी खाली सरकायचा. पट्टीशिवाय बॅटरी बसवावी, तर गाडी सुरू झाली की ती हादरणार. घड्याळात साडेचार होऊन गेले होते. त्याच वेळी गॅरेजचं दार करकरलं. कडी अर्थातच नव्हती.

दारात सासूबाई होत्या. त्यांनी उघडं नाक पाहिलं, दोन बॅटऱ्या पाहिल्या, मुलाचा काळा झालेला शर्ट पाहिला. मग आत येऊन दार मागे लोटलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "कळलं का रे तुम्हाला? माझ्यामुळेच झालं ते."

त्यांची पाठ दुखायची. गाडीच्या सीटला शेक द्यायची सोय होती. सकाळी सगळे आवरण्यात असताना त्या किल्ली फिरवून, शेक लावून बसायच्या, एक शब्द न बोलता. त्या म्हणाल्या, बहिणीचा फोन आला तरी तिथे घेत नाही. तीच एक जागा आहे जिथे कुणी 'आई, माझा पांढरा शर्ट' म्हणत नाही.

नवऱ्याने आपली गाणी सांगितली. मग दोघांनी सूनबाईकडे पाहिलं. ती टॉर्च धरून उभी होती, चेहऱ्यावर काहीच न झाल्याचा भाव.

"हिची मात्र कमाल आहे," सासूबाई म्हणाल्या. "आपल्या भानगडीत बिचारी हकनाक सापडली."

आता तर बोलायची वेळ पार निघूनच गेली होती. शिवाय नट महत्त्वाचा होता. सासूबाईंनी परत जाऊन सांडलेल्या टाचण्या उचलायचं आपलं लोहचुंबक आणलं, त्याला शिवणाचा जाड दोरा बांधला आणि विहिरीत घागर सोडावी तसं खाली सोडलं. पहिल्यांदा एक जुनी टाचणी आली. दुसऱ्यांदा काहीच आलं नाही. तिसऱ्यांदा दोरा जड झाला आणि नट अलगद वर आला.

नवी बॅटरी बसली, पट्टी आवळली. लाल वायर लागली. बाहेर फाटक वाजलं. दंतवैद्य आला होता, नेहमीसारखा वेळेच्या आधी. नवऱ्याने काळी वायर टेकवली.

आणि गाडीने टाहो फोडला. हॉर्न, दिवे, सगळं एकदम. आपली चोरी होते आहे अशी त्या गाडीची खात्री पटली होती. नवरा घाबरून किल्ली शोधू लागला, आणि ती त्याच्याच दातांत होती.

दार उघडलं. पुढे सासरे, मागे टाचा उंचावून दंतवैद्य. सासऱ्यांनी मुलाच्या तोंडातून किल्ली काढून घेतली, रुमालाने पुसली, गाडीच्या दाराला लावून फिरवली. हॉर्न थांबला. सासऱ्यांनी वाकून नवी कोरी बॅटरी पाहिली. सरळ झाले. आत बसले आणि किल्ली फिरवली.

घर्र. घर्र. पुन्हा घर्र, जरा लांबलेलं, आणि तेही विरत चाललेलं.

दंतवैद्य अर्धं पाऊल पुढे आला.

मग इंजिन धडाडलं. सगळं गॅरेज धुराने आणि आवाजाने भरलं. दंतवैद्य खिन्न हसला.

"पण बॅटरी नवी आहे," तो म्हणाला.

"बोलणं गाडी सुरू होण्याचं झालं होतं डॉक्टर," सासरे म्हणाले. "कुठल्या बॅटरीवर, हे तुम्ही विचारलं नव्हतं."

त्यांनी गाडी बंद केली आणि घरच्यांकडे वळले. मग जे सांगितलं त्याने तिघंही थक्क झाले. पहाटे हेडलाइट लावून, समोरच्या भिंतीवर पडलेला उजेड बघत गाडीत बसायची त्यांना सवय होती. आजच्या पहाटे तो उजेड त्यांच्या डोळ्यांदेखत विझला. शब्द दिलेला, तेव्हा स्वतः जाऊन बॅटरी आणणं त्यांना पटेना. मग दुपारी मुलगा टोपली घेऊन दिसला, आणि त्याच क्षणी भिंतीपलीकडच्या गच्चीतून डॉक्टर वाकून बघत होते. म्हणून पाणीपट्टी, डॉक्टर आत जाईपर्यंत. म्हणून चढा आवाज, पान्याची खटखट ऐकू जाऊ नये म्हणून.

"अभ्र्यांचं वजन एवढं असतं का रे?" ते म्हणाले. "मला तुझ्या पाठीची काळजी वाटत होती."

मग सासूबाईंनी शेक कबूल केला, नवऱ्याने गाणी कबूल केली. सगळ्यांना इतकं हलकं वाटत होतं की सासऱ्यांनी तिथल्या तिथे वेळापत्रक लावलं. पहाट त्यांची. सकाळ सासूबाईंची. रात्र मुलाची. बॅटरीवर ताण नको म्हणून प्रत्येकाने मोजकंच बसायचं.

"आणि सूनबाई?" नवऱ्याने विचारलं.

सूनबाईला एक शब्द बोलायचा होता, फक्त एक. 'दुपार.'

"तिला कशाला?" सासरे कौतुकाने म्हणाले. "ती मुळातच शांत आहे."

सासूबाईंनी मान डोलावली. नवऱ्यानेही डोलावली. सगळ्यांना ते इतकं पटलं, की सूनबाईचीही मान आपोआप डोलली.

दुपार मोकळीच राहिली होती. दारात दंतवैद्य अजून उभा होता, पडलेल्या चेहऱ्याने. सासऱ्यांचं मन आज फार मोठं झालं होतं. बिचारा इतकी वर्षं येतो आहे, त्यातून दुपारी त्याचा दवाखानाही बंद असतो. त्यांनी दुपार डॉक्टरांना देऊन टाकली. एवढंच नाही, तर चहाही.

चहा न्यायचं काम अर्थातच शांत माणसाकडे आलं. बुधवारी दुपारी तिने ट्रे सांभाळत गाडीच्या काचेवर टकटक केली. आतून कडी होती. काच चार बोटं खाली आली, कप आत गेला, आणि त्याच फटीतून तिचं जाडजूड पुस्तक बाहेर आलं.

"सीटखाली सापडलं," दंतवैद्य म्हणाला. "कुणाचं आहे कोण जाणे. वेळ बरा गेला, पण शेवट अजिबात पटला नाही. म्हणे दंतवैद्यानेच विष घातलं."

आणि त्याने काच वर केली.