नांदणारी पूड

नामदेवबापू हातात आलेला कोणताही कागद आधी चाटतात. लग्नपत्रिका असो, लाइटबिल असो. कुपवाडच्या पेपर मिलच्या फाटकावर मी माझं पत्रक त्यांच्या हातात कोंबलं, तर त्याचाही कोपरा जिभेला लावून म्हणाले, "पुढारी, ह्यात पूड नांदलेली न्हाई."

त्या पत्रकात मी मिलला सोलून काढलं होतं. मागचा ओढा दुधासारखा पांढरा वाहतो, म्हशी तोंड लावत नाहीत, आणि मालक म्हणे शुभ्र वह्यांचे निर्माते! आणि हा गृहस्थ मजकूर सोडून चव घेत होता.

पुढं कळलं, की माझा ओढा आणि त्यांचं वेड एकच. वहीचा कागद पांढरा, गुळगुळीत व्हावा म्हणून लगद्यात खडूची पूड घालतात. लगदा जाळीवर पसरला की पाणी खाली गळतं आणि पूडही त्याच्याबरोबर पळते, ती थेट ओढ्यात. बापू त्या जाळीवर कामाला. त्यांच्या लेखी पूड म्हणजे नवरी, लगदा म्हणजे सासर, आणि दोघांना चिकटवणारं केमिकल म्हणजे लग्न जुळवणारा मध्यस्थ.

"केमिकल पंपाच्या आधी घालत्यात," ते तावातावानं सांगत. "गाठ बांधायची, आन मग नवरा-नवरीला पंपातनं घुसळून काढायचं! सुटंल न्हाईतर काय हुईल?"

मॅनेजरांनी एकदा वैतागून परवानगी दिली. बापूंनी केमिकल पंपाच्या नंतर ओतलं, तेही हौसेनं डब्बल. पूड टिकली, पण कागदावर पोह्याएवढ्या गुठळ्या आल्या. "लय जवळ घेतलं," बापू ओशाळून म्हणाले. मॅनेजर काय म्हणाले, ते मीसुद्धा छापणार नाही. पुढच्या खेपेला बेतानं ओतलं आणि ओढा बराच निवळला. बराच म्हणजे पुरेसा नव्हे, हे मी लगेच छापलं.

त्या 'बराच की पुरेसा'च्या भांडणासाठी परवा बापूंच्या घरी गेलो. त्यांची मुलगी सुमन उंब्रजचं सासर सोडून आली होती. वस्तीत कुजबुज होती, बापू मात्र कधी बोलत नसत. सोप्यात तिचे चुलतसासरे बसले होते, तिला न्यायला आलेले.

"आवं बापू, दोन रट्टे बसले म्हणून कुणी घर सोडतं व्हय? पोरीला सांगा, नीट नांद म्हणावं. आत्ताच संगट धाडा."

माझ्या तोंडाशी अख्खं पत्रक आलं होतं. आत बांगड्यांचा आवाज थांबला.

"पावनं," बापू म्हणाले, "वाहून गेलेल्या पुडीला कुणी शिव्या देत न्हाई. धरणाऱ्याला इचारत्यात. च्या घ्या आन निघा."

पाहुण्यांनी चहा न घेताच चपला घातल्या. बापू उठले आणि घरातल्या एकुलत्या खोलीतली आपली लोखंडी खाट ओढू लागले. मी दुसरं टोक धरलं. दारात अडकली, ती आडवी करून आम्ही सोप्यात आणली. आत, मोकळ्या झालेल्या जागेत, सुमन डोळे पुसत शिवणयंत्र खिडकीपाशी सरकवत होती.

"ह्या थंडीत बाहेर झोपणार, बापू?" मी विचारलं.

"मला लय उकडतंय रं," असं म्हणत त्यांनी स्वेटरची गळ्याजवळची गुंडी लावली.