जिजाक्काचा पिवळा रंग

जिजाक्का पिकअपमध्ये बसली की आधी हॉर्न वाजवते आणि मग किल्ली लावते. ‘आधी मानसान्ला कळू द्या, मंग गाडीला,’ असा तिचा कायदा आहे.

वय साठीच्या पलीकडे. नऊवारी, डोक्यावर पदर, पदरावरून मफलर. नवरा वारला तेव्हा दारातली पिकअप विकून टाक, असं भावकीनं सुचवलं. हिनं पंधरा दिवसांत गाडी शिकून घेतली, लायसन काढलं आणि त्याच भावकीतल्या एकाचा कांदा पारनेरच्या मार्केट यार्डात पोचवून आली. तेव्हापासून तिला कोणी काही सुचवत नाही. सुचवलंच, तर ‘माझं ठरलंय’ एवढं ऐकून घरी जातो.

घरात ती आणि तिची थोरली जाऊ शेवंताबाई, दोघीच. दोघींची मुलं नोकरीपायी चाकणकडे. शेवंताबाई दिवसभर ओट्यावर बसून जिजाक्काच्या चुका मोजणार आणि जिजाक्का परत आली की त्या तिला क्रमाने ऐकवणार. मी शाळामास्तर, समोरच राहतो. या दोघींचं भांडण ऐकलं की आमच्या घरी संध्याकाळ झाल्याचं कळतं.

तर त्या पिकअपचा मूळचा पांढरा रंग पोपडे धरून निघत होता. गाडी वेगात असली की टपावरून तुकडे उडायचे आणि मागचा मोटारसायकलवाला डोळे चोळत ओरडायचा. ‘कात टाकतीया गाडी,’ जिजाक्का म्हणायची. पण यंदा पावसाळा संपता संपता एका रविवारी ती आमच्या दारात आली.

“मास्तर, जुना शर्ट घाला आन् चला. गाडी खरडायचीय.”

“गॅरेजला द्या की, जिजाक्का.”

“गॅरेजवाला गंजावरूनच रंग मारतोय. मला झाकलेलं चालत न्हाई.”

तीन रविवार मी पॉलिशपेपर घासला. जरा थांबलो की बॉनेटच्या पलीकडून आवाज यायचा, “हात दाबून चालवा. वह्या तपासाय न्हाई बोलावलं.” गंज निघाला, खड्डे भरले, प्रायमरही झाला. मग रंगाचा प्रश्न आला. दुकानदार म्हणाला, पांढराच घ्या. सरपंच म्हणाले, पांढराच शोभतो. मीही म्हणालो. आमच्या रस्त्याला धावणारी प्रत्येक पिकअप पांढरीच आहे.

जिजाक्कानं चार छोटे डबे आणले आणि गाडीच्या मागच्या फाळक्यावर चार पट्टे ओढले. पांढरा, निळा, हिरवा, पिवळा. मग गाडी रस्त्याने दोनशे पावलं लांब नेऊन पाठमोरी उभी केली आणि तिथून हाळी दिली.

“अवो बाई! ह्यातला सगळ्यात वंगाळ रंग कुठला?”

शेवंताबाई ओट्यावरून उठल्या, कपाळावर हात आडवा धरला.

“त्यो पिवळा! बघवत न्हाई मेला!”

“आन् बाकीचे?”

“बाकीच्यात काय बघायचंय? समदे सारखेच!”

“मंग माझं ठरलंय. पिवळा!”

सगळा गाव हसला. जावेची जिरवायला बाई गाडी पिवळी करते, याची चर्चा पारावर आठवडाभर पुरली. मलाही तसंच वाटलं. शेवंताबाईंनी तर दोन दिवस तिच्या कालवणात मीठ घातलं नाही.

रंग बदलायची परवानगी काढायला आम्ही नगरच्या आरटीओ कचेरीत गेलो. तिथल्या साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. “आजी, पिवळा कशाला?”

“तुमच्या कागदावर रंगाला जागा हाय. कारनाला हाय का?”

साहेब हसले, शिक्का मारला. पुढे वेल्डिंगवाल्याचा कॉम्प्रेसर आणून रंग तिनं स्वतः मारला. पहिल्याच झोतात माझे दोन्ही पाय पिवळे झाले. “तुमी मधी आलात,” ती म्हणाली. माफी वगैरे तिच्याकडे नसते.

दिवाळीच्या आधी एकदा पारनेरहून येताना एसटी चुकली आणि मी तिच्या शेजारी बसून आलो. गावाजवळ पाण्याच्या टाकीशी वळण आहे. रस्ता मोकळा होता, तरी तिनं गाडी एकदम हळू केली. लांब ओट्यावरून शेवंताबाई उठल्या आणि घरात गेल्या.

“उठली,” जिजाक्का म्हणाली. “च्या टाकाय गेली.”

मग समोर पाहतच ती बोलली. “तिची नजर चाललीय, मास्तर. आतली नस सुकतीय. गेलं ते माघारी येत न्हाई म्हनले डॉक्टर. उन्हाळ्यात एका पांढऱ्या पिकअपला माझीच समजून हात करत रस्त्याच्या मधी जाऊन हुबी ऱ्हायली. डायवरनं खाली उतरून, हाताला धरून घरी आनून सोडली. मला बोलली न्हाई. मला शेजारनीनं सांगितलं.”

“मग रंग त्यांच्यासाठी बदलला, हे त्यांना सांगितलंत का?”

“येडं का काय? सांगितलं तर उद्यापासून ओट्यावर बसायची न्हाई ती.”

दारात गाडी थांबली. मी उतरलो, जिजाक्का मात्र उतरली नाही. इंजिन बंद करून दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिली. शेवंताबाई बडबडत बाहेर आल्या, “किती उशीर, कुठं गप्पा हानत बसल्तीस.” बडबडतच त्यांनी बॉनेटला हात लावला. मग चाकावरून, मग आरशाखालून, पत्रा चाचपत चाचपत त्या दारापर्यंत आल्या. खिडकीच्या कडेवर त्यांची बोटं टेकली, तेव्हा जिजाक्कानं त्यांवर आपला हात ठेवला आणि ती म्हणाली, “बाजूला व्हा बाई, दार उघडायचंय.”

पण दार तिनं बराच वेळ उघडलं नाही.